गोळीची वेळ आणि मेलची वेळ

गेल्या पावसाळ्यात ७६ वर्षांच्या एका गृहस्थांना माझ्या दवाखान्यात आणले गेले. अंगाला दरदरून घाम, बोलणे असंबद्ध, रक्तशर्करा अवघी ४८. त्यांची मुलगी चंद्रपुरातील घरी राहून पुण्याच्या एका कंपनीचे काम करते आणि वडिलांचे सर्व काही तीच पाहते. सकाळी तिने त्यांना मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी दिली, तोच वरिष्ठांचा मेल आला. उत्तर धाडून ती परतली तेव्हा गोळ्यांचे पाकीट टेबलावर तसेच उघडे होते. गोळी द्यायची राहिली, असे समजून तिने आणखी एक दिली.

या औषधाचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. साखर दिल्यावर रुग्णाला बरे वाटले, तरी शर्करा पुन्हा उतरू शकते. वृद्धांमध्ये तर विशेषच. त्यामुळे त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. ते सुखरूप घरी गेले.

मुलीला मी दोष दिला नाही. एका कामातून दुसऱ्या कामात शिरताना मनाचा काही अंश पहिल्यातच रेंगाळतो; अशा वेळी हाताने केलेले कृत्यही स्मरणात उमटत नाही. आपण डॉक्टर मंडळीही याला अपवाद नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२४ प्रौढांनी एक आठवडा दिवसातून केवळ तीनदा मेल पाहिले आणि एक आठवडा हवे तितक्या वेळा. तीनदाच पाहिले त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी होता. आपल्याकडील काळजीवाहकांसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. सकाळची औषधे, न्याहारी आणि अंघोळ आटोपल्यावर एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि सायंकाळी एकदा मेल पाहावेत. मधल्या वेळी मेलच्या सूचनांचा आवाज बंद ठेवावा. फोनची घंटा मात्र चालू असावी. प्रत्येक मेलच्या शेवटी ‘तातडीचे असल्यास कृपया फोन करावा’ ही ओळ कायमची जोडून ठेवावी.

‘कार्यालय हे चालवून घेईल का?’ असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. भामरागडकडे पाहा. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, अनेकदा मोबाइलही मुका होतो. तिथल्या माणसांच्या उत्तराची वाट वरिष्ठ कार्यालये पाहतातच. तुम्हाला तर केवळ दोन-तीन तासांचा अवधी हवा आहे; तो आधी सांगून मागितला, तर बहुधा मिळतो.

ज्येष्ठ वाचकांनो, गोळी हातात घेताना ‘आधी फोन बाजूला ठेव’ असे मुलांना म्हणण्यात संकोच नको. त्या गृहस्थांच्या घरी आता फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच औषधांची डबी उघडतात. डबी सात वारांची, सकाळ-रात्रीच्या खणांची आहे. खण रिकामा असेल तर गोळी दिली गेली, हे दिसते.

तरीही गोळी दिली की नाही, अशी शंका आलीच, तर अंदाजाने दुसरी देऊ नका; आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा दिसला, तर ग्लुकोमीटरने शर्करा तपासा. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. यंत्र जवळ नसेल, तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णाला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.