मोजणीला उशीर झाला

शास्त्रज्ञाचं काम आकड्यांत मांडायची सवय आता आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे. शोधनिबंध किती, त्यांना इतरांनी दिलेले संदर्भ किती, एच-निर्देशांक किती. मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराच्या आधी हे आकडे पोहोचतात. लसविज्ञानातलं या शतकातलं सर्वांत प्रभावी संशोधन याच मोजपट्टीवर मोजून पाहायला हवं. ते कातालिन कारिको यांचं आहे.

१९५५ साली हंगेरीत जन्मलेल्या कारिको एका खाटकाच्या घरात वाढल्या. सेगेद इथल्या प्रयोगशाळेत त्यांच्या कामाचे पैसे थांबले, तेव्हा १९८५ मध्ये नवरा आणि लहान मुलगी यांच्यासह त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया गाठलं. १९८९ पासून त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. प्रयोगशाळेत बनवलेला एमआरएनए शरीरात सोडायचा आणि हवं ते प्रथिन पेशींकडूनच तयार करवून घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. अनुदानाचे अर्ज एकामागून एक परत आले आणि १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर आणलं गेलं. त्या तिथंच काम करत राहिल्या.

विभागातल्या फोटोकॉपी मशीनपाशी त्यांची ड्रू वाइसमन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाशी ओळख झाली. पुढे दोघांनी मिळून जे केलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बाहेरून दिलेल्या एमआरएनएमुळे डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, खवळत आणि दाह सुरू होई. तुलनेसाठी त्यांनी टीआरएनए वापरला, तर त्या शांत राहिल्या. दोन्ही आरएनएच, मग फरक कशाचा? टीआरएनएमध्ये रासायनिक बदल झालेले घटक भरपूर असतात. मग त्यांनी जिवाणूंचा आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींचा आरएनए तपासला. जिथं असे बदल कमी, तिथं दाह जास्त. शेवटी त्यांनी स्वतः एमआरएनए बनवताना युरिडिन या घटकाच्या जागी त्याचं बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं, आणि पहारेकऱ्यांची ओरड थांबली.

‘नेचर’ने हा निबंध नाकारला. तो २००५ मध्ये ‘इम्युनिटी’त छापून आला, आणि फारशी कुणी विचारपूस केली नाही. याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक मांडला. संदर्भांची पद्धतशीर मोजदाद सुरू करणाऱ्या युजीन गारफिल्ड यांची संस्थाही फिलाडेल्फियातलीच; त्यांची पीएच.डी. तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचीच. इतक्या जवळ असूनही या मोजपट्टीला तो निबंध तेव्हा दिसला नाही. मला यात मोजणाऱ्यांचा दोष वाटत नाही. संदर्भ म्हणजे इतरांनी घेतलेली दखल, आणि दखल घ्यायला आधी त्या वाटेवर माणसं असावी लागतात. तेव्हा ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पुढचे निबंध मला तितकेच मोलाचे वाटतात. २००८ मध्ये या दोघांनी दाखवलं की बदललेल्या एमआरएनएपासून प्रथिनही अधिक बनतं. २०११ मध्ये त्यांच्या गटाने त्याच्या शुद्धीकरणाची रीत दिली. दरम्यान २०१० मध्ये संशोधक डेरिक रॉसी यांनी हीच युक्ती मूलपेशींसाठी वापरली, आणि त्याच वर्षी मॉडर्ना ही कंपनी उभी राहिली. कारिको २०१३ मध्ये जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीकडे गेल्या. हाताशी पक्की नोकरी नसताना हे सगळं उभं राहिलं, हे वाचताना आजही जीव कासावीस होतो.

२०२० नंतरचं सर्वांना ठाऊक आहे. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या दोन्ही कोविड लशींत स्यूडोयुरिडिनचाच पुढचा प्रकार होता. चाचण्यांत त्या ९४-९५ टक्के प्रभावी ठरल्या. युरिडिन न बदलता बनवलेली क्युअरवॅक कंपनीची लस २०२१ मध्ये ५० टक्क्यांच्याही खाली राहिली. मात्रा आणि विषाणूचे नवे प्रकार यांचाही त्यात हात असेल; तरीही फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. २००५ च्या त्या निबंधाचे संदर्भ आता हजारांत गेले आहेत. २०२३ मध्ये कारिको आणि वाइसमन यांना नोबेल मिळालं. २०२२ मध्ये पुण्याच्या जेनोव्हाने फ्रीजच्या साध्या थंडाव्यात टिकणारी एमआरएनए लस मंजूर करून घेतली, तीही याच विद्याशाखेतली.

म्हणून आपल्या निवड समित्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पन्नाशीतल्या संशोधकाचं आजवरचं काम पाहताना संदर्भांचा आकडा जरूर बघा, पण तिशीतल्या माणसाला त्यावरून घरी पाठवू नका. त्याचा एक निबंध मागवा आणि तो वाचा.

वाचण्याजोगं अजून संपलेलं नाही: कारिको यांच्या शोधाची दुसरी बाजू आता कर्करोगात उलगडते आहे. तिथं पहारेकरी खवळलेलेच हवे असतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर बायोएनटेकने प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बनवलेल्या लशीत साधं युरिडिनच ठेवलं आहे. पहिल्या चाचणीत १६ पैकी ८ रुग्णांच्या टी-पेशींनी तिला प्रतिसाद दिला. हा अहवाल २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.