खेळाडू मुलींच्या खाड्याची भरपाई कोण करणार?

२०२० साली केंद्र शासनाचे अर्जुन पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा त्या यादीत धाराशिवच्या सारिका काळे यांचे नाव होते. खो-खो या अस्सल मराठी मातीतील खेळाच्या वाट्याला हा मान १९९८ नंतर, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी आला. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघाने खो-खोचे सुवर्णपदक मिळविले होते आणि त्या संघाचे नेतृत्व सारिका काळे यांनी केले होते. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर वृत्तसंस्थेशी बोलताना त्यांनी पदकांपेक्षा भाकरीविषयी अधिक सांगितले. सुमारे दहा वर्षे त्यांना दिवसातून एकच वेळ जेवण मिळे. वडिलांच्या कमाईला शारीरिक मर्यादा होत्या. आई शिवणकाम करी. सारे घर आजी-आजोबांच्या आधारावर चाले. पोषक आहार मिळे तो केवळ शिबिरात अथवा स्पर्धेला गेल्यावर! ज्या वर्षी सुवर्णपदक मिळाले, त्याच वर्षी आर्थिक विवंचनेने खचून खेळ सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या पुन्हा मैदानावर आल्या.

ही कथा आता शाळाशाळांतून जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. देशाच्या संघाची कर्णधार जर एका प्रशिक्षकाच्या आस्थेमुळेच केवळ खेळात टिकली असेल, तर असा प्रशिक्षक ज्यांना लाभला नाही त्या मुलींचे काय झाले? त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. गुणवान मुलीने उपाशी राहून पदक आणावे आणि समाजाने नंतर तिचा सत्कार करावा, ही व्यवस्था नव्हे; हा दैवाचा खेळ झाला.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उद्भवला असे नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरणी आणि खाण कामगारांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी रोखठोकपणे विचारला होता. हे कामगार रग्बी खेळत. शनिवारच्या सामन्यासाठी कामावर खाडा करावा लागे आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरपाई क्लबने द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. खेळ हा सभ्य गृहस्थांचा छंद असून त्यात पैसा येता कामा नये, असे सुखवस्तू मंडळींच्या हाती असलेल्या मूळ संघटनेचे म्हणणे होते. अखेर १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडील क्लब हडर्सफील्ड येथे जमले आणि त्यांनी मूळ संघटनेशी फारकत घेतली. रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ त्यातूनच उभा राहिला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाशी भिडून खाली पाडणारा हा खेळ कबड्डीच्या पकडीशी नाते सांगतो. पण त्याचे खरे वैशिष्ट्य हे की, तो खाड्याच्या भरपाईतून जन्मला.

असे असूनही त्याच खेळातील स्त्रियांना शंभर वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. ऑस्ट्रेलियात स्त्रियांची राष्ट्रीय लीग २०१८ मध्ये अवघ्या चार संघांनिशी सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती दहा संघांपर्यंत पोहोचली. इंग्लंडमध्ये लीड्स, यॉर्क यांसारख्या क्लबांनी स्त्री-खेळाडूंना मोबदला देण्यास २०२३ च्या सुमारास आरंभ केला. ज्या खेळाचा पाया मजुरीच्या न्यायावर घातला गेला, तेथेही तो न्याय बाईपर्यंत पोहोचण्यास एवढा विलंब लागावा, यातच या प्रश्नाचे मर्म आहे. पुरुषाचा खाडा मजुरीत मोजता येतो. मुलीचा खाडा घरकामात, पाणी भरण्यात, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात पडतो. त्याची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नाही, मग भरपाई कशाची मागणार?

आपल्याकडील चित्र पाहावे. पुरुषांची व्यावसायिक कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि ग्रामीण भागातील तरुण लक्षावधींच्या बोलीने संघात घेतले जाऊ लागले. २०१६ मध्ये तिच्या जोडीला महिलांची स्पर्धा भरविण्यात आली. तीन संघ होते. त्यांपैकी एकाची धुरा महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होती. अंतिम सामना एका गुणाच्या फरकाने, २४-२३ असा, सुटला. म्हणजे चुरशीची उणीव नव्हती. तरीही तो उपक्रम पुढे चालविला गेला नाही. खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली, तीही पुरुषांपुरतीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. विश्वविजेतेपद आहे, लीग मात्र नाही! याउलट २०२३ मध्ये महिलांची क्रिकेट लीग सुरू होताच सांगलीच्या स्मृती मानधना यांच्यावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. स्त्रियांचा खेळ पाहण्यास प्रेक्षक नाहीत, हा युक्तिवाद त्या एका लिलावाने निकालात काढला आहे.

शालेय क्रीडास्पर्धांच्या रचनेत लातूर हा स्वतंत्र विभाग असून नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे त्यातच येतात. या भागात गुणांचा दुष्काळ नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक, गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव, नांदेड जिल्ह्यातील आहेत. परंतु याच भागाची ख्याती ‘लातूर पॅटर्न’साठी आहे. नववी-दहावीत मुलगी मैदानावर रंगू लागली की, घरात शिकवणीचा विषय निघतो. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टर होण्याची वाट अवघड असली तरी ती कोठे जाते हे त्यांना ठाऊक असते. मैदानावरची वाट कोठे जाते, हे त्यांना कोणीही सांगू शकत नाही.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. खेळाडूंना शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. सारिका काळे यांनाही तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सेवेत स्थान मिळाले. रेल्वेसारख्या संस्था खेळाडू मुलींना नोकरी देतात. परंतु नोकरी हे बक्षीस आहे. ते पदकानंतर मिळते. भूक लागते ती पदकाआधीच्या दहा वर्षांत. वयाची बारा ते बावीस ही जी वर्षे खेळाडू घडविण्याची, नेमक्या त्याच काळात तिच्या ताटाची जबाबदारी कोणावरच नसते.

पाण्याची टंचाई आणि शेतीची दैना असलेल्या प्रदेशात खेळासाठी पैसा कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या घरात टंचाई अधिक, त्या घरातील मुलीचा खेळच प्रथम बंद पडतो, हेही तितकेच खरे. राज्याच्या संघात निवड झाल्या दिवसापासून तिला दरमहा आहारभत्ता मिळावा, नांदेड व लातूर येथे मुलींच्या निवासी प्रशिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, आणि पुरुषांची लीग चालविणाऱ्यांवर महिलांची लीगही चालविण्याचे बंधन असावे, या मागण्या काही अवाजवी नव्हेत. सत्काराच्या मंडपाला आणि हारतुऱ्यांना पैसा निघतो. तो थोडा आधी निघाला तर पुष्कळ साधेल. हडर्सफील्डच्या कामगारांनी दया मागितली नव्हती, बुडालेली मजुरी मागितली होती. मराठवाड्यातील मुलींचे मागणेही त्याहून मोठे नाही.