अहमदाबादची पोळ

‘पोळ’ हा शब्द ऐकताच मराठी माणसाला पंगतीतली पोळी किंवा श्रावणातला बैलांचा सण आठवावा, हे स्वाभाविक आहे. परंतु साबरमतीच्या पूर्व तीरावर वसलेल्या जुन्या अहमदाबाद शहरात हा शब्द अगदी निराळ्या अर्थाने रूढ आहे. संस्कृतातील ‘प्रतोली’, म्हणजे वेस किंवा दरवाजा, ह्या शब्दापासून तो आला असे मानले जाते. एक मोठा दरवाजा, त्याच्या आत एक अरुंद वळणावळणाची गल्ली, गल्लीच्या दोन्ही अंगांना एकमेकींस लागून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा, आणि त्या घरांतून पिढ्यान् पिढ्या राहणारा लोकसमूह, ह्या सर्वांना मिळून पोळ म्हणतात. मोठ्या पोळीच्या पोटात लहान पोळी असतात आणि त्यांच्याही आत ‘खडकी’ नावाची दहापाच घरांची वस्ती असते. अशा शेकडो पोळींनी मिळून हे शहर बनलेले आहे.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये ह्या शहराचा पाया घातला. भद्राचा किल्ला, तीन दरवाजा, १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आणि माणेक चौक ही त्या मूळ रचनेची ठळक स्थाने. माणेक चौकालगतची ‘मुहूर्त पोळ’ ही शहरातील पहिली पोळ होय, अशी परंपरा आहे. एका जातीचे, एका धंद्याचे वा एका पंथाचे लोक एकत्र राहू लागले आणि अशा वस्त्या वाढत गेल्या. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली, गुजरातेवर स्वाऱ्या होऊ लागल्या, आणि रात्री दरवाजा लावून घेणारी वस्ती ही सोय न राहता गरज झाली. ह्या अस्वस्थतेत मराठ्यांच्या स्वाऱ्यांचाही वाटा होता, हे मराठी श्रोत्यांनी विसरता कामा नये. १७५८ पासून १८१७ पर्यंत शहरावर पेशवे आणि गायकवाड यांची सत्ता होती. शहराच्या नैर्ऋत्येकडील गायकवाडांची हवेली त्या काळाची साक्ष देते.

पोळीतील घराची रचना समजून घेण्यासाठी पुण्याच्या वाड्याशी तिची तुलना करणे उपयोगी पडेल. वाडा हा एका मालकाचा. त्याच्या चौकाभोवती मालकाचे बिऱ्हाड आणि पुढे पुढे भाडेकऱ्यांचीही बिऱ्हाडे. पोळीत मात्र प्रत्येक घर स्वतंत्र, पण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. घराचे तोंड अरुंद आणि खोली पुष्कळ. रस्त्यालगत ‘ओटलो’, म्हणजे आपला ओटा. त्यावरून आत शिरले की देवडीसारखी जागा, मग आकाशाला उघडा असा लहानसा चौक, त्यापलीकडे ‘परसाळ’ नावाची अर्धी उघडी ओसरी, आणि सर्वांत आत ‘ओरडो’, म्हणजे आतली अंधारी, थंड खोली. स्वयंपाकघर आणि पाण्याचे माठ ठेवण्याचे ‘पाणियारूं’ चौकाच्या कडेला असतात. वरचे मजले कोरीव लाकडी आधारांवर गल्लीत थोडे पुढे आलेले असतात.

ही रचना केवळ शोभेची नव्हे. अहमदाबादचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. परंतु सामाईक भिंतींमुळे ऊन लागते ते घराच्या दर्शनी भागाला, मागील बाजूला आणि गच्चीला. बाजूच्या भिंती तापत नाहीत. गल्ली अरुंद आणि वरचे मजले पुढे आलेले, म्हणून दिवसाचा बराच काळ जमिनीवर सावली राहते. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी गल्लीतील त्यातल्या त्यात थंड हवा आत ओढली जाते. गल्लीची वळणे वाऱ्यातली धूळ अडवितात. ज्याला आज वास्तुशास्त्रज्ञ हवामानानुकूल रचना म्हणतात, ती येथील सुतारगवंड्यांनी अनुभवाने साधली होती.

पाण्याची व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक केलेली आढळते. पुष्कळ घरांच्या चौकाखाली ‘टांकूं’ म्हणजे चुनेगच्ची हौद असतो. पावसाळ्यातली पहिली सर वाहू द्यावयाची, छप्पर धुऊन निघाले की पुढचे पाणी पन्हळीतून आणि नळीतून हौदात सोडावयाचे, असा रिवाज होता. सूर्यप्रकाश न लागल्यामुळे हे पाणी शेवाळत नसे आणि वर्षभर पिण्यासाठी पुरत असे. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ मध्ये शहरातली पहिली कापडगिरणी चालू केली. नगरपालिकेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनीच पुढे नळाच्या पाण्याची योजना नेटाने पार पाडली, आणि १८९१ पासून नळाचे पाणी आले. त्यानंतर हौदांचे महत्त्व ओसरत गेले. काही घरांनी मात्र ते आजही जपून ठेवले आहेत.

बांधकाम विटांचे, पण भिंतींच्या पोटात ठरावीक अंतरावर सागवानी लाकडाचे आडवे पट्टे घातलेले असतात आणि ते खांबतुळयांशी जखडलेले असतात. त्यामुळे सबंध घर एका सांगाड्यात बांधले जाते आणि हादरा बसला तरी थोडे हलून तो सोसू शकते. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भूकंपात ह्याची परीक्षा झाली. नदीपलीकडच्या आणि उपनगरांतल्या काही नव्या बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. पोळीतील कित्येक घरांना तडे गेले, परंतु ज्यांची निगा राखलेली होती अशी लाकडी सांगाड्याची घरे बहुतांशी उभी राहिली.

घरांपेक्षाही अधिक लक्ष वेधून घेते ती घराबाहेरची सामाईक व्यवस्था. पोळीच्या चौकात ‘चबूतरो’ असतो. उंच खांबावर कोरीव घुमटी आणि तीत पाखरांसाठी दाणे. जैन आणि वैष्णव परंपरेतील जीवदयेचे हे दृश्य रूप. कोठे देऊळ, कोठे देरासर, कोठे विहीर आणि सूचनांचा फळा. ओटा हा घरमालकाचा खरा, परंतु तिन्हीसांजेला तो साऱ्या गल्लीचा होतो. भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांच्या गप्पा हे सारे तेथेच चालते. किराणा, दूध, शिंपी, वैद्य, शाळा, देऊळ सर्व पायी जाण्याच्या अंतरावर. गाडी आत येऊच शकत नाही अशा गल्लीत मुले निर्धास्त खेळतात, आणि कोणी परका आला तर दहा डोळे त्याच्याकडे वळतात.

ह्या शेजारधर्माला एके काळी नियमांचे बळ होते. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरात ह्याची नोंद आहे. पोळीतले घर विकावयाचे वा गहाण टाकावयाचे तर आधी पोळीतल्या लोकांना विचारावे लागे. परक्याला ते त्यांच्या संमतीवाचून मिळत नसे. विक्री झाली की किमतीचा काही अंश पोळीच्या सामाईक निधीत जाई. लग्नकार्याच्या देणग्या आणि नियमभंगाचे दंडही त्याच निधीत जमा होत. दरवाजाची दुरुस्ती, पहारा आणि सफाई यांचा खर्च त्यातून भागे. ह्या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. जी भिंत चोराला अडविते तीच परजातीच्या माणसालाही अडविते. जे डोळे मुलांवर लक्ष ठेवतात तेच तरुण सुनेच्या येण्याजाण्यावरही असतात. पोळीतील जीवनाचे गोडवे गाताना हा जाच विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

एलिस पूल प्रथम १८७० च्या सुमारास बांधला गेला, १८७५ च्या पुरात वाहून गेला आणि १८९२ मध्ये पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून नदीपलीकडची मोकळी जमीन शहराच्या आटोक्यात आली. १९२० नंतरच्या दशकांत तेथे सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. झाडे, अंगण, उजेड आणि पुढे मोटार उभी करावयास जागा, ह्या गोष्टींनी सधन कुटुंबांना तिकडे ओढले. १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींनी जुन्या शहराच्या मनावर खोल जखमा केल्या आणि स्थलांतराला वेग आला. एकमेकांलगतच्या वस्त्यांत भयाची रेषा उमटली. अशांत भागांतील मालमत्तेच्या विक्रीस जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक करणारा १९९१ चा कायदा जुन्या शहराच्या मोठ्या भागाला लागू झाला. रिकाम्या घरांची गोदामे झाली. कापड, कागद, रसायने यांचे गठ्ठे जेथे पडतात तेथे कोरीव खांबाची निगा कोण राखणार? कित्येक घरांचे लाकूड उतरवून जुन्या बाजारात विकले गेले.

घर पडण्याचे कारण पुष्कळदा पाऊस नसतो, कागद असतो. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली जुनी भाडी गोठली. त्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना. दुसरीकडे एका घराचे वारस वाढत गेले. एक भाऊ मुंबईस, एक आफ्रिकेत, बहीण सुरतेस. सर्वांच्या सह्या मिळाल्यावाचून दुरुस्तीला कर्ज नाही. येथे एका मराठी लेखाची आठवण येते. तीन दरवाजावर १८१२ सालचा देवनागरी शिलालेख आहे. मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी त्यात मुलीला बापाच्या मालमत्तेतील वाटा विनाअडथळा देण्याची आज्ञा केली असून, ती मोडणाऱ्या हिंदूस महादेवाला आणि मुसलमानास अल्लाला जाब द्यावा लागेल असे बजावले आहे. २००५ च्या कायद्याने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जो समान हक्क दिला, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही आज्ञा होय. वारसांचे हक्क न्याय्यच आहेत. उणीव आहे ती अनेक वारसांनी मिळून एक घर सांभाळण्याच्या सोयीची.

शासन आणि नागरिक यांनी काहीच केले नाही असे नाही. महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा विभाग स्थापन केला. नोव्हेंबर १९९७ पासून काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी वारसाफेरी सुरू झाली. ह्या वाटेवर लांबेश्वरनी पोळीत कवी दलपतरामांचे स्मारक लागते; त्यांच्या घराच्या जागी दर्शनी भाग पुन्हा उभारून ओट्यावर बसलेला त्यांचा पुतळा ठेवला आहे. सतराव्या शतकातील संतकवी अखा याचे निवासस्थान खाडियातील देसाईनी पोळीत दाखविले जाते. काही हवेल्या दुरुस्त होऊन त्यांत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. वारसा-इमारतीच्या मालकाला आपल्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकता यावा आणि तो पैसा दुरुस्तीस लागावा, अशीही तरतूद करण्यात आली. ८ जुलै २०१७ रोजी युनेस्कोने ह्या ऐतिहासिक शहराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा मान मिळविणारे अहमदाबाद हे भारतातील पहिले शहर होय.

परंतु यादीत नाव आले म्हणून वस्ती टिकत नाही. पाहुण्यांसाठी सजविलेली दहा घरे आणि त्यांच्यामागे कुलूप लागलेली शंभर घरे, अशी पोळ ही पोळ राहणार नाही. जळत्या मालाची गोदामे बाहेर गेली पाहिजेत. अरुंद गल्लीत अग्निशामक दलाचा बंब शिरत नाही, म्हणून तेथेच पाण्याची आणि लहान यंत्रांची सोय हवी. शौचकूप, सांडपाणी, विजेच्या तारा यांची आधुनिक व्यवस्था जुन्या भिंतींना धक्का न लावता करता येते. ती झाली तरच तरुण जोडपी तेथे संसार थाटतील. लाकूडकाम जाणणाऱ्या सुतारांना नियमित काम मिळाले, तरच त्यांची मुले ती विद्या शिकतील.

मकरसंक्रांतीला, गुजरातेतील उत्तरायणाला, नदीपलीकडे गेलेली कुटुंबे पोळीतल्या गच्च्यांवर परत येतात. एका गच्चीवरून दुसरीवर सहज जाता येते. पतंगांच्या काटाकाटीत आणि उंधियू-जिलेबीच्या आस्वादात दोन दिवस निघून जातात. आता तर काही जण त्यासाठी गच्च्या भाड्यानेही घेतात. ह्यावरून एवढे निश्चित दिसते की, ज्यांनी पोळ सोडली त्यांनाही तिची ओढ आहे. सण सरल्यावरही तेथे दिवा लावणारी, ओटा झाडणारी आणि चबुतऱ्यावर दाणे टाकणारी माणसे राहावीत, एवढ्यापुरती ती ओढ कायदा, कर्ज आणि नगररचना यांच्या मार्गी लावणे, हे अहमदाबादपुढचे काम आहे. जुन्या वस्त्या अद्याप शिल्लक असलेल्या पुणे, नाशिक, वाई, पैठण ह्या आपल्या गावांनाही त्यातून पुष्कळ शिकता येईल.