‘आम्ही’ आणि ‘आपण’ : लेखाशास्त्राच्या विद्यार्थिसंस्थांतील सदस्यस्वीकाराची भाषा

विद्यार्थ्यांच्या एखाद्या संस्थेत नवा सभासद दाखल होणे ही वरवर पाहता केवळ कार्यालयीन बाब होय. अर्ज यावा, वर्गणी भरली जावी, नाव नोंदवहीत चढावे, म्हणजे काम संपले. हिशेबाचे शास्त्र शिकणाऱ्यांच्या संस्थेत तर याहून अधिक काही असण्याचे कारण नाही असेच कोणासही वाटेल. तथापि अमेरिकेतील विद्यापीठांत लेखाशास्त्राच्या विद्यार्थिसंस्था एवढ्यावर थांबत नाहीत. तेथे नव्या सभासदांसाठी समारंभ होतो, संस्थेचे हेतू मोठ्याने वाचून दाखविले जातात, प्रतिज्ञा उच्चारली जाते, नोंदवहीत सही घेतली जाते, छातीवर संस्थेचे चिन्ह लावले जाते. आकड्यांशी ज्यांचा नित्य व्यवहार, त्यांना सभासदत्वासाठी मात्र शब्दांचाच आधार घ्यावा लागतो. हे शब्द काय करतात, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करण्याजोगा आहे.

या संस्थांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशी ‘बीटा आल्फा साय’ ही संस्था १९१९ साली इलिनॉय विद्यापीठात स्थापन झाली. प्रारंभी तिचे स्वरूप बंधुसंघाचे होते. पुढे लेखाशास्त्राबरोबर वित्तव्यवहार आणि माहितीप्रणाली यांचे विद्यार्थीही तीत येऊ लागले, आणि आज ती गुणवत्ता पाहून सभासद घेणारी संस्था म्हणून ओळखली जाते. ठराविक गुण मिळविणारा विद्यार्थी प्रथम केवळ उमेदवार असतो. व्यवसायविषयक सभांना हजेरी लावणे, सेवाकार्यात भाग घेणे अशा अटी त्याने पुऱ्या केल्या म्हणजे मग त्याचा समारंभपूर्वक स्वीकार होतो.

संस्थेचे नाव ग्रीक अक्षरांचे का, हा प्रश्न येथे सहज उद्भवतो. ही प्रथा १७७६ सालच्या डिसेंबरात व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कॅपा’ या संस्थेपासून सुरू झाली. तिच्या नावातील तीन अक्षरे ही ‘ज्ञानप्रेम हे जीवनाचे सुकाणू’ अशा अर्थाच्या ग्रीक वचनातील शब्दांची आद्याक्षरे होत. ते वचन सभासदांपुरतेच गुप्त होते. बाहेरच्यास फक्त अक्षरे दिसत. गुप्ततेविषयी अमेरिकेत लोकमत प्रतिकूल झाले तेव्हा, १८३१ साली, हार्वर्ड येथील शाखेने हे गुपित सोडून दिले. गंमत अशी की गुपित गेले तरी अक्षरे राहिली. पुढील काळात कोणतीही तीन ग्रीक अक्षरे शेजारीशेजारी दिसली की ‘ही विद्यापीठातील एक संस्था’ एवढा अर्थ त्यांतून आपोआप निघू लागला. जी चिन्हे एका वचनाचा संक्षेप होती, ती एका संस्थाप्रकाराची खूण बनली. आज अमेरिकन विद्यापीठांत ‘ग्रीक’ या विशेषणाचा ग्रीस देशाशी काही संबंध उरलेला नाही.

अशीच कथा या संस्थांच्या इतर शब्दांची. शाखेला तेथे ‘चॅप्टर’ म्हणतात. मठवासी साधू एकत्र जमून आपल्या नियमग्रंथातील एकेक अध्याय वाचीत. त्या अध्यायावरून त्या सभेला, सभेवरून सभागृहाला आणि अखेर सभासदांच्या समूहाला ते नाव मिळाले. ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द लॅटिनमधील ‘भाऊ’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला. वाणिज्यविषयक दोन जुन्या बंधुसंघांनी, आल्फा कॅपा साय आणि डेल्टा सिग्मा पाय यांनी, १९७० च्या दशकात स्त्रियांना प्रवेश दिला. परंतु सभासदांसाठी असलेला ‘भाऊ’ हा शब्द बदलला नाही. त्यामुळे तेथे विद्यार्थिनीही ‘भाऊ’च असते. नाते सांगणारा शब्द लिंगभेद टाकून केवळ सभासदत्व सांगू लागल्याचे हे उदाहरण व्याकरणकारास चमत्कारिक वाटले, तरी ते वापरणाऱ्यांस तसे वाटत नाही.

याहून मार्मिक उदाहरण ‘प्लेज’ या शब्दाचे. मूळ अर्थ प्रतिज्ञा किंवा तारण. अमेरिकन विद्यापीठांत मात्र प्रतिज्ञा केलेला, पण अद्याप पूर्ण सभासद न झालेला विद्यार्थी हाच ‘प्लेज’ झाला. वचन देणाऱ्यालाच वचनाचे नाव मिळाले. हा प्रकार महाराष्ट्रातील वाचकास परका नाही. भारतात सनदी लेखापालांचा कायदा १९४९ साली झाला आणि त्या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्या तरुणाने लेखापालाच्या हाताखाली करारबद्ध होऊन काम शिकण्याची, इंग्लंडातून आलेली, पद्धत येथेही चालू राहिली. कराराच्या कलमांना इंग्रजीत ‘आर्टिकल्स’ म्हणतात. त्यावरून ‘आर्टिकलशिप’ हा शब्द आला, आणि मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत ती करणारा मुलगा किंवा मुलगी हीच ‘आर्टिकल’ झाली. ‘आज दोन आर्टिकल सुट्टीवर आहेत’ हे वाक्य तेथे कोणास खटकत नाही. कलमाचा माणूस झाला. जो अजून पुरता आत आलेला नाही, त्याला माणसाचे नाव न देता त्याला बांधणाऱ्या कागदाचे किंवा शब्दाचे नाव देण्याची ही प्रवृत्ती दोन दूरच्या देशांत एकाच व्यवसायाच्या उंबरठ्यावर आढळावी, हे लक्षणीय आहे. अलीकडे अमेरिकेतील अनेक संस्थांनी ‘प्लेज’ हा शब्द टाकून ‘उमेदवार’ किंवा ‘नवा सभासद’ असे शब्द स्वीकारले आहेत. त्यामागील कारण केवळ भाषिक नाही. त्याचा विचार पुढे येईल.

आता प्रत्यक्ष समारंभाकडे वळावे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा सिद्धांत सुपरिचित आहे. ‘मी प्रतिज्ञा करतो’ हे वाक्य खरे की खोटे असा प्रश्न संभवत नाही. ते यशस्वी होते किंवा फसते. रूढ पद्धत अस्तित्वात असावी, बोलणारा त्या अधिकाराचा असावा, विधी पूर्ण व्हावा, या अटी मोडल्या तर कृती घडतच नाही. अध्यक्षाऐवजी एखाद्या प्रेक्षकाने ‘तुम्ही सभासद झालात’ असे म्हटले तर कोणीही सभासद होत नाही. याउलट, मनात नसताना एखाद्याने प्रतिज्ञा उच्चारली तर ऑस्टिन यांच्या मते तो कृतीचा दुरुपयोग होय, पण कृती घडलेली असते. म्हणजे मनाने संस्थेबाहेर असलेला माणूस कागदोपत्री पूर्ण सभासद असू शकतो. हिशेब तपासणाऱ्या मंडळींना ही शक्यता नवी नाही. सही बरोबर आणि मजकूर खोटा असलेला ताळेबंद हाच त्यांच्या व्यवसायापुढील मोठा धोका असतो. २००१ मध्ये एन्रॉन कंपनी कोसळली, त्यानंतर तिचे हिशेब तपासणारी ऑर्थर अँडरसन ही पेढी व्यवसायातून नाहीशी झाली, आणि २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. प्रामाणिकपणाची प्रतिज्ञा घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा इतिहास असतोच.

मराठीत अशा समारंभाचा मसुदा करावयाचा झाल्यास क्रियापदच प्रथम अडवते. नवा माणूस संस्थेत ‘दाखल होतो’, पण संस्था त्याला ‘दाखल करून घेते’. ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने क्रियेचा ओघ कर्त्याच्या दिशेने वळतो. ‘सामावून घेणे’, ‘करून घेणे’, ‘आपलेसे करून घेणे’ या सर्व प्रयोगांत कर्ता आतला आहे आणि येणारा हा कर्म आहे. ‘होणे’ या प्रयोगात येणारा स्वतः कर्ता असतो, पण मग संस्थेने काय केले ते सांगावयाचे राहते. समारंभाला दोन्ही वाक्ये लागतात, आणि बहुधा ती याच क्रमाने येतात: आधी उमेदवार ‘मी प्रतिज्ञा करतो’ असे म्हणतो, मग अध्यक्ष ‘तुम्हांस दाखल करून घेतले आहे’ असे जाहीर करतो. इंग्रजी मसुद्यावर विसंबणारे ‘याद्वारे’ हा शब्द मध्ये घालतात. तो सरकारी नोटिशीत शोभतो; तोंडाने उच्चारावयाच्या प्रतिज्ञेत तो नसलेलाच बरा.

परंतु खरी अडचण सर्वनामाची आहे. इंग्रजीत उत्तमपुरुषी अनेकवचन एकच आहे. ‘वुई’ म्हटले की त्यात ऐकणारा आला की नाही, हे संदर्भाने ठरवावयाचे. मराठीत मात्र बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. ‘आम्ही’ मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’ मध्ये तो असतो. संस्कृतात हा भेद नाही; तमिळ आणि तेलुगू भाषांत तो स्पष्ट आहे, गुजरातीतही आहे. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाने दृढ झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. उगम काहीही असो, सदस्यस्वीकाराच्या समारंभाची सारी घडामोड या दोन शब्दांमध्ये मावते. समारंभाच्या आरंभी जुने सभासद ‘आम्ही तुमचे स्वागत करतो’ असे म्हणतात. समारंभानंतरच्या पहिल्या सभेत तेच सभासद त्याच विद्यार्थ्यांना ‘पुढील महिन्याचा कार्यक्रम आपण ठरवू’ असे म्हणतात. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द येतो, म्हणून कूस कोठे बदलली ते कानाला कळत नाही. मराठीत ते लपत नाही. आणि ज्या नव्या सभासदाच्या कानी सहा महिन्यांनंतरही ‘आम्ही’च पडते, त्याला आपली स्थिती सांगावी लागत नाही. ‘आपण’ हा शब्द आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही वापरला जात असल्याने ‘आपले स्वागत असो’ या वाक्यात नवागतास दूर ठेवणारा आदर आहे की जवळ घेणारी आपुलकी आहे, हे मराठीलाही नेहमी सांगता येत नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

‘आम्ही’ पासून ‘आपण’ पर्यंतचा हा प्रवास अवघड केला तर नव्या सभासदाचे प्रेम वाढते काय? १९०९ साली आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी संक्रमणविधींचे वियोग, सीमावस्था आणि समावेश असे तीन टप्पे दाखविले. मधल्या टप्प्यात माणूस जुन्या समाजातून सुटलेला आणि नव्यात न पोचलेला असतो. या टप्प्याच्या कठोरपणाविषयीचा एक प्रसिद्ध प्रयोग अ‍ॅरन्सन आणि मिल्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. चर्चामंडळात येऊ इच्छिणाऱ्या ६३ विद्यार्थिनींपैकी काहींना आधी एका पुरुष प्रयोगकर्त्यासमोर अश्लील शब्द व वर्णने मोठ्याने वाचावी लागली, काहींना त्या मानाने सौम्य शब्द वाचावे लागले, आणि काहींना काहीच करावे लागले नाही. नंतर सर्वांना मंडळाची एक मुद्दाम नीरस ठेवलेली चर्चा ऐकविण्यात आली. जिने अधिक लाज सोसली होती तिला तीच चर्चा अधिक चांगली वाटली. परीक्षा शब्दांचीच होती, आणि शब्द उच्चारण्याची किंमत मोजणारीने मालाचीही किंमत वाढविली.

या निष्कर्षाचा गैरवापर करणे सोपे आहे. अमेरिकेत नवागतांच्या छळाविरुद्ध पहिला राज्यकायदा न्यूयॉर्कने १८९४ साली केला. संपूर्ण देशासाठी विद्यापीठांना अशा घटनांची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करण्यास लावणारा कायदा २०२४ च्या डिसेंबरात झाला. मध्यंतरीच्या काळात कित्येक तरुण प्राणास मुकले. या घटना मुख्यतः निवासी बंधुसंघांतील होत. तरी ‘प्लेज’ हा शब्द त्यांच्याशी इतका जोडला गेला की ज्या संस्थांत तसे काही घडत नव्हते त्यांनाही तो नकोसा झाला. शब्द बदलल्याने आचरण बदलते असे नाही. पण ‘प्लेज’ला रात्री जागविणे ज्याला सहज वाटते, त्याला ‘नव्या सभासदा’ला जागविताना निदान शब्द तरी अडखळवतो.

लेखाशास्त्राच्या बाबतीत छळापेक्षा दार बंद राहण्याचा प्रश्न मोठा होता. न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये अधिकृत सार्वजनिक लेखापालाची पदवी कायद्याने निर्माण केली. पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले, आणि अनेक ठिकाणी परीक्षेखेरीज अधिकृत लेखापालाच्या हाताखालील अनुभवाची अटही आली. ही अट लिहिताना कोणाचाही वर्ण नमूद केलेला नव्हता. परंतु गोऱ्या लेखापालांच्या पेढ्या कृष्णवर्णीयांस नोकरीवर घेत नसल्याने तिचा अर्थ सर्वांस कळत होता. जॉन क्रॉमवेल धाकटे हे वॉशिंग्टनचे राहणारे. डार्टमथ महाविद्यालयाचे पदवीधर. अनुभवाची अट नसलेल्या न्यू हँपशायर राज्यात जाऊन १९२१ साली ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय अधिकृत लेखापाल झाले. परीक्षा अवघड होती म्हणून नव्हे, तर परीक्षेपूर्वीच्या उंबरठ्यावर त्यांना कोणी ‘आपण’ म्हणणार नव्हते म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

१९६९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये नऊ कृष्णवर्णीय लेखापालांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्या वेळी देशातील सुमारे एक लाख अधिकृत लेखापालांत कृष्णवर्णीयांची संख्या १३६ होती, असे ही संघटना नमूद करते. तिने पुढे महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या शाखा उघडल्या. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांतील अनेकांच्या घराण्यात लेखापाल कोणी झालेला नसतो. पेढीतील मुलाखतीस कोणते कपडे घालून जावे, भोजनप्रसंगी वरिष्ठांशी काय बोलावे, येथपासून सुरुवात असते. अशा शाखेतील नव्या सभासदाचे स्वागत बहुधा जुन्या सभासदाच्या शेजारच्या खुर्चीने होते. त्याच्यासोबत एक वरच्या वर्गातील विद्यार्थी जोडून दिला जातो, आणि संघटनेच्या ब्रीदवाक्यातील क्रियापदेही ‘वर चढणे’ आणि ‘वर उचलणे’ अशी जोडीने येतात. त्या वाक्याचे मराठी करताना ‘आम्ही चढताना इतरांना वर घेतो’ असे म्हणावे, की ‘आपण चढताना एकमेकांना वर घेऊ’ असे म्हणावे, हे वाक्य कोण कोणाला म्हणत आहे यावर अवलंबून राहील: व्यासपीठावरचा पदाधिकारी पहिल्या रांगेतल्या नवागतास, की तो नवागत पुढल्या वर्षी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणास.