फोन ओरडू लागला तर घाबरू नका



आरे कॉलनीतल्या पाड्यांवर पुष्कळ घरांत मिळून एकच स्मार्टफोन असतो. मुलांचा अभ्यास, आईच्या बँकेचे मेसेज, वडिलांच्या कामाचे निरोप, सगळे त्याच्यावर चालते. समजा, मुलगा गाणे शोधत असताना पडदा एकदम लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि अक्षरे उमटली : 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला आहे. दोन मिनिटांत बँकेची माहिती चोरीला जाईल. ताबडतोब या नंबरवर फोन करा.' घरात कोणाचाही जीव घाबरा होईल. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्यांच्यावरही हीच वेळ येते.

हा इशारा खोटा असतो. इंटरनेटवरच्या एखाद्या पानाला आपल्या फोनच्या आत शिरून व्हायरस तपासता येत नाही. दिसते ती निव्वळ भीती घालणारी जाहिरात.

खरा धोका त्या नंबरवर फोन केल्यानंतर सुरू होतो. पलीकडचा गोड बोलणारा 'अधिकारी' एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे अ‍ॅप घ्यायला सांगतो. ही अ‍ॅप मुळात वाईट नाहीत. दूर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठी ती वापरतात. पण त्यावरचा कोड अनोळखी माणसाला सांगितला, की आपला पडदा त्याला दिसू लागतो. ओटीपी आला, की तोही तो वाचतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते.

हा धंदा फार लांब चालतो असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घालून सुमारे ७० जणांना अटक केली. तिथली तरुण मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालत. तिथे कराची भीती, इथे व्हायरसची; रीत एकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या नावाने खोटी तांत्रिक मदत देणाऱ्यांची होती. म्हणून नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांनाही सांगा : जिथे खोटे नाव घेऊन बोलायला लावतात, ती नोकरी नव्हे.

मग ओळखायचे कसे? इशाऱ्यात फोन नंबर असेल तर तो खोटाच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. 'ताबडतोब', 'दोन मिनिटांत' अशी घाई दिसली तरी सावध व्हा.

असे पान आले तर कशावरही बोट न लावता ते बंद करा. बंद होत नसेल तर फोन किंवा कॉम्प्युटर सरळ बंद करून पुन्हा सुरू करा. इशारे वारंवार येत असतील, तर एखाद्या वेबसाइटला चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली असेल. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. शंका उरलीच तर प्ले स्टोअरमधल्या 'प्ले प्रोटेक्ट'ने फोन तपासा.

चुकून अ‍ॅप घेतले, कोड सांगितला, तर आधी इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

शेवटी एक विनंती. फसलेला माणूस बहुधा गप्प बसतो. 'लोक मला अडाणी म्हणतील' ही लाज त्याला अडवते, आणि तेवढ्यात उरलेले पैसेही जातात. पण शिकलेले, शहरातले, परदेशातलेही असेच फसले आहेत. तेव्हा पाड्यावर कोणी सांगायला आले, तर 'असे कसे केलेस?' असे विचारू नका. शेजारी बसा आणि आधी १९३० लावून द्या.