पडदा पडल्यावरचा अर्धा तास

"याला ठाण्याला पाठवा" नाहीतर "येरवड्यात जागा आहे का बघा" ही वाक्यं ऐकत मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या तरी वाढल्या. गावांची नावं शिवीसारखी तोंडात यावीत, इतकी तिथल्या मनोरुग्णालयांची दहशत होती. आमच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत एक काका राहायचे. भिंतीशी बोलायचे, कधी रात्रभर येरझाऱ्या घालायचे. घरात पाहुणे येणार असले की त्या खोलीला बाहेरून कडी लागे. "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय" एवढंच आम्हा मुलांना सांगितलं होतं. कसला परिणाम, हे विचारायची सोय नव्हती, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. काका गेले तेव्हाही त्यांच्या आजाराचं नाव कुणी उच्चारलं नाही. मला ते कळायला २००४ साल उजाडावं लागलं आणि ते सांगितलं एका सिनेमाने.

गेल्या चाळीसेक वर्षांत नाटक, सिनेमा, मेळावे, गटसभा यांतून महाराष्ट्र मनाच्या आजारांबद्दल हळूहळू बोलू लागला. त्याची सुरुवात शोधत मागे गेलं की पाय पुन्हा त्याच दोन गावांत जाऊन थांबतात.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. डॉ. अनिता अवचट तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी या केंद्रासाठी आर्थिक बळ पुढे केलं. म्हणजे मुळाशी होतं ते लेखन, आणि ते वाचून हललेले दोन वाचक. व्यसनावर आपल्याकडे त्याआधी कलाकृती नव्हती असं नाही. 'एकच प्याला' १९१९ पासून रंगभूमीवर आहे. दारूत बुडालेल्या सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी प्रेक्षक रडले, तळीरामाच्या कोट्यांवर पोट धरून हसले आणि घरी गेले. नाटककार गडकऱ्यांच्या प्रतिभेबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही, पण सुधाकराला कुठे न्यायचं, याचं उत्तर त्या काळाकडे नव्हतं. मुक्तांगणने ते उत्तर दिलं. व्यसन हा आजार आहे असं म्हटलं आणि बरा झालेला माणूस लोकांसमोर उभा केला. एकेकाळी घरातली भांडी विकलेला माणूस माईक हातात घेऊन स्वतःची गोष्ट सांगतो आणि पहिल्या रांगेत त्याची बायको बसलेली असते. हे ज्याने एकदा ऐकलं, तो 'दारुड्या' हा शब्द पूर्वीसारखा सहज वापरू शकत नाही. पत्नींसाठी वेगळा 'सहचरी' गट काढला, हे तर मला त्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

दुसरं गाव ठाणं. २३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली. नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ तर आहेतच, शिवाय नाटकं लिहिणारे, गाणी रचणारे आहेत. लोकांना मनाच्या दवाखान्यात बोलवायचं, तर आधी त्यांच्या मुलांच्या भविष्याबद्दल बोलावं, हे त्यांनी ओळखलं. त्यातून 'वेध'ची व्यवसाय-मार्गदर्शन परिषद आली आणि ठाण्याबाहेर पुणे, नाशिक, लातूर अशा शहरांत पोहोचली. वरवर करिअरचा कार्यक्रम. पण मंचावरच्या मुलाखती ऐकता ऐकता भीती, अपयश, मत्सर, एकटेपणा या गोष्टी हजारभर मुलं आणि त्यांचे आईवडील एकत्र ऐकत होते. 'मनोरुग्ण' या शब्दाला बिचकणारी माणसं 'मनआरोग्य' या शब्दाशी बोलू लागली.

शब्दांचंच निघालं आहे तर आणखी दोन सांगायला हवेत. स्वमदत गटांमधून 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे शब्द रुळले. आजार असलेला तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. आमच्या वाड्यातल्या काकूंनी तीस वर्षं जे केलं, त्याला तोवर मराठीत नावच नव्हतं. कर्तव्य, भोग, नशीब असंच काहीतरी म्हणायचे. गटात बसलेली बाई "मी शुभंकर" असं म्हणते, तेव्हा तिच्या थकव्यालाही बोलायची परवानगी मिळते.

आता तो सिनेमा, 'देवराई'. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातलं हे दुःख झाकून ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. पत्रकं वाटून, व्याख्यानं देऊन जे साधत नाही ते सिनेमा साधेल, या विश्वासाने त्यांनी 'देवराई'साठी पुढाकार घेतला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला, २००४ साली तो आला. अतुल कुलकर्णी शेष झाले, सोनाली कुलकर्णी त्याची बहीण सीना.

स्किझोफ्रेनियावरचा सिनेमा म्हणजे साखळदंड, किंकाळ्या, पांढऱ्या कपड्यांतले दांडगे वॉर्डबॉय, अशी आपली समजूत. इथे कोकणातला एक हुशार मुलगा, त्याचं देवराईवरचं वेड्यासारखं प्रेम आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उसवत जाणारा धागा होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे सीना होती. भावाला शहरात आपल्या संसारात आणून ठेवणारी, नवऱ्याची नजर सांभाळणारी, मायेने करणारी आणि करता करता चिडणारी बहीण. भारतीय पडद्यावर रुग्ण पुष्कळ आले होते. रुग्णाच्या घरचं माणूस इतक्या जवळून मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी तो पुण्यात पाहिला. खेळानंतर चर्चा होती. दिवे लागले आणि बराच वेळ कुणी उठलं नाही. मग मागच्या रांगेतली एक मध्यमवयीन बाई उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ असाच आहे. बावीस वर्षं झाली. मी हे आज पहिल्यांदा बोलतेय." पुढे तिला बोलता येईना. शेजारच्या अनोळखी बाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग दुसरा हात वर झाला, तिसरा झाला. मनोविकारतज्ज्ञ मंचावर होते, पण त्या अर्ध्या तासात त्यांना फारसं बोलावं लागलं नाही. घरी येताना मला काका आठवत होते. त्यांच्या आजाराला नाव होतं, औषध होतं, आणि पुण्यासारख्या शहरात राहून ते आमच्यापर्यंत आलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं मत ठाम आहे. कलाकृती दार उघडते, पण माणूस आत येतो तो पडदा पडल्यावरच्या त्या अर्ध्या तासात. ज्यांनी तो अर्धा तास जपला त्यांचं काम टिकलं.

डॉ. मोहन आगाशे यांनी तो निष्ठेने जपला. रंगभूमीवरचे नाना फडणवीस म्हणून जग त्यांना ओळखतं; पण ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक, १९९१ साली पुण्यात सुरू झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक होते. भावे-सुकथनकरांच्या 'अस्तु'मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री उभे केले. हत्तीच्या मागे चालत जाणारा तो म्हातारा, त्याला शोधणारी मुलगी इरा, आणि भाषा कळत नसतानाही त्याला लेकरासारखं जेवू घालणारी माहुताची बायको चन्नम्मा. या चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'कासव' आला. एप्रिल २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. नैराश्यावरच्या मराठी चित्रपटाला देशाचा पहिला मान! त्यातली जानकी स्वतः त्या काळोखातून गेलेली आहे. म्हणून रस्त्याकाठी सापडलेल्या तरुणाला ती घरी आणते आणि प्रश्न विचारत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालून समुद्रात परतणाऱ्या कासविणीसारखं त्याला अवकाश देते. "काय झालंय तुला, सगळं तर आहे" हे आपल्या घराघरांतलं वाक्य त्या सिनेमात कुणी त्याला ऐकवत नाही, आणि तेवढ्यानेच कितीतरी प्रेक्षक गलबलले. 'अस्तु' आणि 'कासव' घेऊन आगाशे गावोगाव फिरले. खेळ, आणि मग गप्पा. आपला डॉक्टरकीचा अनुभव आणि नटाचं वजन त्यांनी या गप्पांत ओतलं.

१९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई गेल्या. महिन्याभराने, करोनाची दुसरी लाट घराघरातून माणसं नेत असताना, त्यांचा 'दिठी' लोकांना घरबसल्या पाहायला मिळाला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, तरुण मुलगा गमावलेल्या वारकरी बापाच्या शोकाचा. शोक हाही मनाचा विषय आहे आणि त्यावर आपल्या मातीत जुनी मलमं आहेत, हे त्या दिवसांत किती जणांना आधार देऊन गेलं असेल.

पण हे सारं सभागृहातलं, तिकीट काढून येणाऱ्यांचं. ज्या घरात मुलीच्या अंगात आलं की तिला देवऋषीकडे नेतात, त्या घराचं काय? साताऱ्याकडे पाहावं ते इथे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ३१ डिसेंबरच्या रात्री 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत चौकाचौकांत दूध वाटलं. साधी युक्ती, पण पोरांच्या लक्षात राहणारी. डॉ. हमीद दाभोलकर आणि 'परिवर्तन' संस्थेने कार्यकर्त्यांमधून 'मानसमित्र' तयार केले. भानामती, करणी, अंगात येणं याच्या आड दडलेलं दुखणं ओळखायचं, त्या घराची टिंगल न करता शेजारी बसायचं आणि योग्य ठिकाणी घेऊन जायचं, हे त्यांचं काम. २० ऑगस्ट २०१३ रोजी समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर ज्या मुलांनी गल्लीबोळांत रिंगणनाट्यं केली, त्यांच्यामागे रंगकर्मी अतुल पेठे उभे होते. तेच पेठे आणि 'परिवर्तन' यांनी पुढे 'मानसरंग' या उपक्रमातून मनाच्या आरोग्यावरची नाटकं घडवली. रंगकर्मी आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसून संहिता घडवतात, ही गोष्ट मराठी रंगभूमीने आणखी पुढे न्यावी असं मला मनापासून वाटतं.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात याहून वेगळा प्रयोग झाला. 'आत्मीयता' प्रकल्पात गावातलीच माणसं स्वयंसेवक झाली. हातात साधा स्मार्टफोन, त्यात दारू, घरातली मारहाण, बेकारी अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म. ओट्यावर चार-पाच बायका जमल्या की फिल्म दाखवायची आणि थांबायचं. कुणीतरी बोलतंच. पडदा तळहाताएवढा, पण नंतरचा अर्धा तास तोच.

कायदाही बदलला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याची काळजी घ्यावी, असं तो सांगतो. आपल्या चौक्यांना आणि शेजाऱ्यांना हे अजून पुरतं ठाऊक नाही.

आणि तरीही, २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. नाटक-सिनेमाने हा आकडा खाली येईल असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. कर्ज, पाऊस, बाजारभाव, हुंडा, बेकारी यांना समुपदेशन हे उत्तर नाही. पण मरणाच्या आदल्या संध्याकाळी बोलायला कुणीतरी असणं, हे त्या संध्याकाळपुरतं उत्तर असू शकतं.

म्हणूनच हल्लीचे १० ऑक्टोबरचे, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे सोहळे बघून वाईट वाटतं. रांगोळी स्पर्धा, हिरव्या फिती, घोषवाक्यांची फेरी, पाहुण्यांचा सत्कार, चहा, आणि साडेबाराला सभागृह रिकामं. रांगेत कुणीतरी बोलण्याच्या तयारीत बसलेलं असतं, त्याला वेळच मिळत नाही. मनाबद्दल बोला, असं फलकावर लिहायचं आणि बोलायला जागा ठेवायची नाही, ही चूक आहे. चाळीस वर्षांचा एवढा अनुभव गाठीशी असताना ती आता होऊ नये.

महाविद्यालयांच्या, गणेश मंडळांच्या, महिला मंडळांच्या आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. यंदा या विषयावर एकांकिका, सिनेमा, कीर्तन काहीही ठेवा, पण सभागृह अर्धा तास जास्त घ्या. सत्कार रद्द करावा लागला तर करा. एक समुपदेशक आणि आजारातून उठलेलं किंवा आजार सांभाळणारं एक माणूस समोर बसवा. भारतात असाल तर दारावर मोठ्या अक्षरात १४४१६ लिहा. हा टेलिमानसचा क्रमांक आहे, फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.