ऊसवाहतूक आणि पहाटेची डुलकी

तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते. म्हणून गळीत हंगामात साखरवाडी आणि फलटणच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. चालक दिवसा फडात, रात्री वजनकाट्याच्या रांगेत आणि पहाटे पुन्हा रस्त्यावर.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला निष्कर्ष गंभीर आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याप्रमाणे चुकतात. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे! त्यातही पहाटे २ ते ६ ही वेळ सर्वांत वाईट, कारण तेव्हा शरीर झोपच मागत असतं.

मोठ्या आवाजात गाणी लावणं, तोंडावर वारा घेणं यांचा उपयोग फार थोडा वेळ होतो. झोपेला पर्याय झोपच. ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. रांगेतला ट्रॅक्टर पुढे घ्यायला दुसरं कुणी असेल, तर काट्यावरही हे जमेल. कारखान्यांनी टोकन देऊन तशी सोय करायलाच हवी.

चहा झोपण्याआधी घ्यावा. त्याचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. जाग आल्यावर मात्र दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंग हाती घेऊ नये.